एका क्लिकमधले दोन प्रकाश

मंगल कार्यालयाचं व्यासपीठ सजवायला लोक हौसेनं पैसे मोजतात. झेंडू-शेवंतीच्या माळा, मागे पिवळ्या दिव्यांचा पडदा, कडेला समया. महिन्याभरानं अल्बम हाती येतो तेव्हा यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. नवरा-नवरीचे चेहरे पांढरेफटक, कपाळावर आणि नाकावर चकाकणारे ठिपके, आणि मागे मिट्ट काळोख. ठपका येतो तो फ्लॅशवर. ‘फ्लॅश मारला की फोटोतला जीव जातो,’ असं फोटोग्राफी शिकू लागलेली मुलं ठामपणे सांगतात आणि महागाचा फ्लॅश घेऊनही तो बॅगेतून बाहेर काढत नाहीत. मला हे पटत नाही. अशा फोटोत फ्लॅशनं आपलं काम केलेलंच असतं. कार्यालयातल्या उजेडाला मात्र कॅमेऱ्यानं आत येऊ दिलेलं नसतं, आणि तो दोष शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ या तीन आकड्यांचा आहे.

फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत दोन एक्स्पोजर एकाच वेळी होत असतात. पहिलं जागेवरच्या उजेडाचं. दिवे, खिडकीतून येणारं ऊन, समईची ज्योत हा सगळा उजेड सतत असतो, आणि शटर उघडं असेपर्यंत तो सेन्सरवर पडत राहतो. दुसरं एक्स्पोजर फ्लॅशचं. त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागात, बहुतेक वेळा त्याहूनही लवकर, येतो आणि संपतो. शटर १/१०० सेकंद उघडं असो की १/२५, तेवढ्या वेळात फ्लॅशचा सगळा प्रकाश केव्हाच आत येऊन गेलेला असतो. म्हणून शटर स्पीड बदलला की जागेवरचा उजेड कमी-जास्त होतो, फ्लॅशचा होत नाही. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचा परिणाम दोन्ही प्रकाशांवर सारखाच होतो. फ्लॅशची पॉवर आणि फ्लॅशचं माणसापासूनचं अंतर यांचा संबंध फक्त फ्लॅशशी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता त्या काळ्याकुट्ट अल्बमकडे परत बघू. चांगला उजेड असलेल्या कार्यालयात फ्लॅशशिवाय नीट फोटो यायचा तर आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर एफ/४ आणि शटर १/६० अशी काहीतरी सेटिंग लागते. फोटोग्राफरनं कॅमेरा ऑटोवर किंवा ‘पी’ मोडवर ठेवला आणि फ्लॅश चढवला, की कॅमेऱ्याचा हिशेब बदलतो. उजेड आता फ्लॅश देणार आहे असं धरून तो आयएसओ खाली आणतो आणि हात हलू नये म्हणून शटर १/६० च्या खाली जाऊ देत नाही. समजा आयएसओ १००, एफ/५.६, १/६० असे आकडे ठरले. प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणं म्हणजे एक स्टॉप. आयएसओ १६०० वरून १०० वर आला, म्हणजे चार स्टॉप गेले. अ‍ॅपर्चर एफ/४ चं एफ/५.६ झालं, म्हणजे आणखी एक गेला. पाच स्टॉप म्हणजे कार्यालयातल्या उजेडाचा बत्तिसावा हिस्सा. इतक्या उजेडात झेंडूच्या माळा दिसणारच नाहीत. चेहरे दिसतात, कारण ते फ्लॅशच्या जवळ असतात आणि त्यांच्यापुरती कमतरता फ्लॅश भरून काढतो.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. फ्लॅश बंद ठेवायचा, कॅमेरा मॅन्युअल मोडवर घ्यायचा आणि आधी फक्त जागेचा फोटो काढायचा. माणसांकडे लक्ष द्यायचं नाही, मागची सजावट कशी दिसते तेवढं बघायचं. ती हवी तेवढी उजळ दिसेपर्यंत आकडे बदलायचे. माझ्या मते जागेवरचा उजेड ‘बरोबर’पेक्षा अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवावा. मग माणसं थोडी पुढे येतात आणि मागचं वातावरणही टिकतं. वरच्या उदाहरणात आयएसओ १६०० आणि एफ/४ तसंच ठेवून शटर १/६० चं १/१०० केलं की हे आपोआप साधतं. १/१०० ला आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० असलं की प्रत्येक फोटोत या लहरी पूर्ण मोजल्या जातात. भलताच आकडा ठेवला तर एक फोटो उजळ, पुढचा मळकट, कधी फोटोत आडवे पट्टे, असा त्रास होतो. जागा जमली की मग फ्लॅश सुरू करायचा आणि त्याची पॉवर चेहऱ्यांपुरती जुळवायची. आयएसओ १६०० असल्यामुळे त्याला फार जोर लावावा लागत नाही. छतावर मारला तरी १/८ पॉवरच्या आसपास भागतं, सेल टिकतात आणि पुढच्या फोटोसाठी तो लगेच तयार होतो. आयएसओ वाढवायला घाबरणारे लोक ही गोष्ट विसरतात.

शटरचा फ्लॅशशी संबंध नाही हे सगळ्यात चांगलं दिसतं ते अक्षतांच्या वेळी. ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो आणि चहूबाजूंनी तांदूळ उडतात. हाच फोटो प्रत्येकाला हवा असतो. मीटरभर उंचीवरून खाली येणारा दाणा शेवटी सेकंदाला साधारण ४.४ मीटर वेगानं पडत असतो. शटर १/१०० असेल तर तेवढ्या वेळात तो चार सेंटिमीटरहून जास्त सरकतो. दाणा स्वतः असतो सहा-सात मिलिमीटर लांब. म्हणजे कार्यालयातल्या दिव्यांच्या उजेडात दाण्याऐवजी एक पुसट रेघ उमटते. फ्लॅशमुळे मात्र तोच दाणा हवेत थांबलेला दिसतो, कारण त्याच्यापुरतं एक्स्पोजर १/१०० सेकंदाचं नसून फ्लॅश जितका वेळ चमकला तितकंच असतं. निकॉनच्या एसबी-८०० या फ्लॅशबरोबरच्या पुस्तिकेत हे अवधी दिले आहेत. पूर्ण पॉवरला १/१०५० सेकंद, १/१६ पॉवरला १/१०,९०० आणि १/१२८ ला १/४१,६००. १/१६ पॉवरच्या झोतात आपला दाणा अर्धा मिलिमीटरही हलत नाही. कुंकवाची लाली आणि हळदीचा पिवळेपणा दाण्यादाण्यावर वेगळा दिसतो.

या आकड्यांत एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. हालचाल जास्त नेमकी पकडायची तर फ्लॅश कमी पॉवरवर ठेवायचा. आजच्या छोट्या फ्लॅशमध्ये पॉवर कमी करणं म्हणजे झोत मंद करणं नसतं, तो लवकर तोडणं असतं. नळी पेटते तेव्हा पूर्ण तेजानं पेटते, आणि आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरलेल्या क्षणी तिचा वीजपुरवठा बंद करतं. पूर्ण पॉवरवर झोत शेपटासारखा लांबतो आणि दाणे किंचित पुसट होतात. म्हणून अक्षतांच्या वेळी आयएसओ वाढवून किंवा फ्लॅश जवळ आणून पॉवर खाली घ्यावी, आणि तेवढ्या क्षणापुरतं शटर १/२०० वर नेऊन कार्यालयाचा उजेड आणखी एक स्टॉप उतरवावा, म्हणजे त्या पुसट रेघा जवळजवळ नाहीशा होतात. मागची सजावट थोडी गडद होईल, दिव्यांचा लहरीपणाही एखाद्या फोटोत जाणवेल. त्या क्षणासाठी हा सौदा मला मान्य आहे.

प्रकाशाच्या लखलखाटानं हालचाल थांबवायची ही कल्पना कॅमेऱ्याच्या बालपणाइतकीच जुनी आहे. १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राचा कागद गरगर फिरणाऱ्या चकतीवर चिकटवला, खोलीत अंधार केला आणि लायडन जार नावाच्या विद्युतसंचयकांतून एक ठिणगी पाडली. कॅमेऱ्याची लेन्स उघडीच होती. फोटो निघाला तो ठिणगीच्या उजेडात, आणि फिरत्या कागदावरचा मजकूर स्थिर उमटला. पुढे एमआयटीतले प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून याच तत्त्वावर आयुष्य घातलं. दुधाचा थेंब पडून उठलेला मुकुट (१९५७) आणि सफरचंद भेदून बाहेर पडणारी गोळी (१९६४) हे त्यांचे फोटो जगभर माहीत आहेत. गोळीच्या वेगाला पुरेल असं शटर कुठल्या कॅमेऱ्यात असणार? त्यांनी खोलीत अंधार केला, शटर उघडं ठेवलं आणि गोळीच्या आवाजानं मायक्रोफोनमार्फत फ्लॅश पेटवला. अंधारात शटर किती वेळ उघडं होतं याला महत्त्वच नव्हतं, कारण जागेवरचा उजेड शून्य होता.

फ्लॅशच्या बाजूचं गणितही तितकंच सरळ आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना ते तोंडपाठ असे. फिल्मच्या काळात फोटो धुऊन येईपर्यंत काय उमटलंय ते कळायचा मार्ग नव्हता. फ्लॅशच्या पाठीवर अंतर आणि अ‍ॅपर्चर यांचा तक्ता छापलेला असायचा. १०० आयएसओची फिल्म आणि मध्यम ताकदीचा फ्लॅश असेल तर हिशेब ठरलेला होता. सात फुटांवर अकरा, दहा फुटांवर आठ, चौदा फुटांवर पाच पॉइंट सहा. कुठल्याही जोडीचा गुणाकार करून पाहा, ८० च्या आसपासच येतो. हाच त्या फ्लॅशचा गाइड नंबर. आता तो मीटरमध्ये देतात. ४० गाइड नंबरचा फ्लॅश म्हणजे आयएसओ १०० ला पाच मीटरवर एफ/८, अडीच मीटरवर एफ/१६. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट होतो. तक्त्यात शटरचा उल्लेख कुठेच नसायचा, आणि तो का नाही हे आता सांगायला नको.

अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. नवरा-नवरी फ्लॅशपासून दोन मीटरवर असतील तर त्यांच्या मागे चार मीटरवर उभ्या असलेल्या मामांना त्यांच्या पाव पट उजेड मिळतो आणि आठ मीटरवरच्या पाहुण्यांना सोळावा भाग. तीन-चार रांगांच्या कौटुंबिक फोटोत पुढे जमिनीवर बसलेली मुलं पांढरीफटक आणि मागची काकामंडळी सावळी होतात ती यामुळेच. पॉवर वाढवून हे सुटत नाही, दोन्हीकडचा उजेड सारख्याच पटीत वाढतो. एक तर फ्लॅश आणि फोटोग्राफर दोघांनी मागे सरकायचं. फ्लॅश सहा मीटरवर गेला की सहा आणि आठ मीटरमधला फरक एका स्टॉपच्याही आत येतो. नाहीतर फ्लॅशचं तोंड छताकडे वळवायचं, म्हणजे पांढरं छतच मोठा दिवा बनतं आणि पुढच्या-मागच्या रांगांना त्याचं अंतर साधारण सारखं पडतं. उजेडही मऊ येतो, नाकाच्या सावल्या विरतात. यात दोन स्टॉपच्या आसपास उजेड खर्च होतो. शिवाय छत पांढरं असायला हवं. गावाकडच्या मांडवात वर लाल-केशरी कापड असतं. तिथे फ्लॅश वर मारला तर सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे त्या कापडाच्या रंगाचे होतात, आणि तो रंग नंतर कॉम्प्युटरवर काढू म्हटलं तरी साड्यांचे खरे रंग त्याच्याबरोबर जातात. मांडवात फ्लॅश स्टँडवर बाजूला, छोट्या सॉफ्टबॉक्समध्ये किंवा पांढऱ्या छत्रीत लावणं हेच बरं.

शटरचा फ्लॅशशी संबंध नाही असं म्हटलं, त्याला एक मर्यादा आहे, सिंक स्पीडची. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे दोन पडदे असतात. बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो आणि सेन्सर उघडा पडतो, ठरलेल्या वेळानं दुसरा पडदा त्याच्या मागून येऊन सेन्सर झाकतो. पडद्याला सेन्सर ओलांडायला काही मिलिसेकंद लागतात, आणि शटर स्पीड कितीही ठेवला तरी त्या पडद्याची धाव तेवढीच वेगवान असते. १/२०० सारख्या स्पीडला पहिला पडदा पूर्ण सरकला आहे आणि दुसरा अजून निघायचा आहे, असा एक क्षण मिळतो. सगळा सेन्सर एकदम उघडा असतो आणि त्याच क्षणी फ्लॅश पडतो. १/१००० केलं तर पहिला पोचण्याआधीच दुसरा निघतो. सेन्सरवरून एक फट सरकत जाते, पूर्ण सेन्सर एका वेळी कधीच उघडा नसतो. मग फ्लॅशचा उजेड जिथे फट आहे तिथेच पोचतो, आणि फोटोच्या तळाशी काळा पट्टा येतो. पडदे वरून खाली धावतात, तरी पट्टा खाली दिसतो, कारण लेन्समधून प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते. कॅमेऱ्यावर चढवलेला त्याच कंपनीचा फ्लॅश ही चूक होऊच देत नाही. फ्लॅश दुरून पेटवणारे स्वस्त ट्रिगर वापरताना मात्र हा पट्टा बघायला मिळतो. पूर्वीच्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा आणखी खाली होती. पेंटॅक्स के-१००० मध्ये ती १/६० होती, निकॉनच्या एफएम-२ नं १९८४ मध्ये ती १/२५० वर नेली.

ही मर्यादा कार्यालयात आड येत नाही. ती अडवते भर दुपारी. बाराचा मुहूर्त आटोपून जोडपं अंगणात येतं, ऊन डोक्यावर, मुंडावळ्यांच्या सावल्या गालांवर, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या. खरं तर फ्लॅशची सर्वात जास्त गरज इथेच असते, आणि इथेच लोक ‘एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला?’ असं विचारतात. रखरखीत उन्हाचं जुनं सूत्र असं की एफ/१६ वर शटर स्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१००. सिंक स्पीड १/२०० धरला तर अ‍ॅपर्चर येतं एफ/११. ४० गाइड नंबरचा फ्लॅश एफ/११ ला पूर्ण ताकदीनं जेमतेम साडेतीन मीटर पोचतो. पण इथे फ्लॅशनं उन्हाची बरोबरी करायची नसते. उन्हापेक्षा एक-दोन स्टॉप कमी उजेड टाकून सावल्या नुसत्या उघडल्या तरी पुरतं, डोळे दिसू लागतात आणि फ्लॅश मारलाय हे कळतही नाही.

मागचं पुसट व्हावं म्हणून एफ/४ हवं असेल तर तीन स्टॉप जास्तीचं ऊन कुठेतरी अडवावं लागतं. लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की शटर १/२०० वरच राहतं. दुसरा मार्ग हाय स्पीड सिंकचा. ऑलिंपसनं १९८६ मध्ये ओएम-४ टीआय कॅमेऱ्यासाठीच्या एफ-२८० फ्लॅशमध्ये ही सोय आणली. यात फ्लॅश एकदाच न चमकता फट सेन्सरवरून सरकत असेपर्यंत अतिशय वेगानं लुकलुकत राहतो. म्हणजे तेवढ्या वेळापुरता तो सतत जळणाऱ्या दिव्यासारखा वागतो, आणि इथे मात्र आपला नियम मोडतो, शटर वाढवलं की फ्लॅशचाही उजेड घटतो. त्याची पोच खूप कमी होते, तो लवकर तापतो आणि हालचाल गोठवायची त्याची ताकदही जाते. हौशी मंडळी हाय स्पीड सिंक कायम सुरू ठेवतात, ते चुकीचं आहे. सिंक स्पीडच्या आत काम होत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असलेल्या कॅमेऱ्यांना हा त्रास कधीच नव्हता. गावोगावच्या स्टुडिओंत दिसणारा यशिका मॅट १२४ जी १/५०० पर्यंत कुठल्याही स्पीडला फ्लॅश चालवायचा. त्याच्यावर ‘एम’ आणि ‘एक्स’ असा एक खटका असे. ‘एम’ जुन्या फ्लॅशबल्बसाठी, कारण बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागायचा आणि शटरला तेवढं थांबावं लागे. ‘एक्स’ इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी. छायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी दिल्लीतल्या सत्तांतराच्या काळातले अनेक फोटो अशाच बल्बच्या उजेडात काढले. एक बल्ब, एक फोटो, मग तापलेला बल्ब काढून दुसरा बसवायचा. त्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. नव्या काळात सोनीनं २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए-९ थ्री मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, तिथे सिंक स्पीडची अडचणच उरत नाही. तरी शटर फ्लॅशच्या झोतापेक्षाही छोटं केलं तर झोत अर्धवट कापला जाणारच. मोबाइलच्या मागे जो ‘फ्लॅश’ असतो तो एलईडी दिवा आहे, क्षणभर उजळणारी बॅटरी म्हणा. त्याच्याकडून अक्षता थांबवायची अपेक्षा करू नये.

इतकं सगळं हातानं जुळवायला वेळ नसतो तेव्हा टीटीएल मदतीला येतं. यात लेन्समधून आलेला फ्लॅशचा उजेड मोजून कॅमेरा पॉवर ठरवतो. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ मध्ये फोटो निघत असतानाच फिल्मवरून परतणारा उजेड मोजला जायचा. डिजिटल कॅमेरे मुख्य झोताआधी एक छोटा चाचणीचा झोत टाकतात. तो इतका लगेच आधी येतो की दोन झोत वेगळे जाणवत नाहीत, पण काही जणांच्या पापण्या तेवढ्यात मिटू लागतात आणि फोटोत डोळे अर्धे बंद येतात. या मोजणीला समोर काय आहे हे कळत नाही. ती सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालते. पांढरं धोतर आणि पांढरा सदरा घातलेले गुरुजी फ्रेम भरून असतील तर ती उजेड कमी करते आणि गुरुजी मळकट दिसतात, काळ्या सुटातल्या नवरदेवाचा चेहरा उजळून जातो. पैठणीचा जरीचा पदर फ्लॅशकडे वळला की एकाच चकाकीनं हिशेब बिघडतो. त्यासाठी फ्लॅश कॉम्पेन्सेशन असतं. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. कॅमेऱ्याचं साधं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे कंपन्यांत फरक आहे. कॅननमध्ये ते फक्त जागेवरचा उजेड बदलतं, निकॉनच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये एरवी दोन्ही बदलतं. आपला कॅमेरा कसा वागतो हे घरी भिंतीसमोर तपासून घ्यावं. माणसं सारखी हलत असतील तर टीटीएल, आणि व्यासपीठावर एका जागी रांगेनं शुभेच्छा द्यायला येत असतील तर मॅन्युअल, अशी माझी वाटणी आहे. रांगेतला प्रत्येक फोटो मग एकसारखा उतरतो.

दोन्ही प्रकाश मुद्दाम वेगवेगळे दाखवायचे तर पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत संध्याकाळी ढोल-ताशा पथकासमोर उभं राहावं. शटर १/१५ ठेवलं तर रस्त्यावरचे दिवे, उडणारा भगवा झेंडा, वादकाच्या हाताची हालचाल, सगळ्यांच्या रेषा ओढल्या जातात, आणि फ्लॅश त्यात एक क्षण स्पष्ट कोरतो. प्रश्न असतो तो कोणता क्षण. एरवी फ्लॅश पहिला पडदा उघडताच पडतो, वादक स्पष्ट उमटतो आणि टिपरूची रेघ त्याच्या पुढे जाते, त्यामुळे टिपरू उलटं गेल्यासारखं वाटतं. मेनूत रिअर कर्टन सिंक निवडलं की फ्लॅश शटर बंद होण्याच्या जरा आधी पडतो. रेघ मागून येते आणि टिपरू ढोलावर आदळताना थांबतं. फोटोभर हाताच्या मागे ओढल्या गेलेल्या रेघा, आणि शेवटी चामड्यावर टेकलेली टिपरूची गोल बोंडी, तिच्यावरचे ओरखडेसुद्धा दिसतील इतकी स्पष्ट. जॉन मिली या छायाचित्रकारानं १९४९ मध्ये फ्रान्समधल्या व्हॅलोरिस गावी पिकासोचे फोटो काढले ते उघडं शटर आणि फ्लॅश यांच्या अशाच जोडीनं. अंधाऱ्या खोलीत पिकासोनं छोट्या दिव्यानं हवेत बैल चितारला. ती रेघ उघड्या शटरनं टिपली आणि पिकासो स्वतः दिसतो तो फ्लॅशच्या झोतात.

रंगाचं थोडक्यात सांगतो. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, ५५०० केल्विनच्या आसपासचा. कार्यालयातले पिवळे दिवे ३००० च्या जवळ. दोन्ही मिसळले की चेहरे पांढरे आणि मागचं सगळं नारिंगी दिसतं. फ्लॅशच्या तोंडावर सीटीओ नावाचा नारिंगी जेलचा तुकडा चिकटवला आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स पिवळ्या दिव्यांकडे सरकवला की दोन्ही जुळतात. मला अर्ध्या ताकदीचा जेल आवडतो, मागे थोडी पिवळी ऊब राहू द्यावी.

शिकायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे लॉनवरच्या रिसेप्शनची संध्याकाळ, कारण तिथे उजेड डोळ्यांदेखत उतरत असतो. फ्लॅश सॉफ्टबॉक्समध्ये, जोडप्यापासून अडीच मीटरवर, मॅन्युअल १/१६ पॉवरला. आयएसओ ४००, एफ/४. सूर्य नुकताच मावळलेला असताना शटर १/२०० वर आकाश गडद निळं येतं. काही मिनिटांनी ते काळवंडू लागलं की फक्त शटर १/१०० करायचं, मग १/५०. फ्लॅशला हात लावायचा नाही, चेहरे आधीच्या फोटोंसारखेच राहतात आणि आकाश परत निळं होतं. १/५० च्या खाली माणसं हलू लागतात, म्हणून तिथे शटर थांबवायचं आणि आयएसओ वाढवायला घ्यायचा. आता मात्र चेहऱ्यांवरही परिणाम होणार, कारण आयएसओ दोन्ही प्रकाशांना लागू आहे. आयएसओ ८०० केला की फ्लॅश १/३२, १६०० केला की १/६४. या पॉवरला तो पुढच्या क्लिकसाठी लगेच तयार असतो, झोत डोळ्यांना बोचत नाही, आणि एका सेलच्या जोडावर पंगत उठेपर्यंतचं काम निभतं.